पळताना नीट, उभी राहिली की थरथर. जुन्या कारबोरेटरच्या गाडीचं दुखणं कसं ओळखायचं

दुसरबीड (ता. सिंदखेड राजा) : गाडी रस्त्यावर साठच्या स्पीडने मस्त पळते. पण चौकात थांबली, रेस सोडली की लगेच थरथरायला लागते. स्टेअरिंग हलतं, काच वाजते, आरसा हलतो आणि दोन-चार झटके देऊन इंजिन बंद पडतं. मागून ट्रकवाला हॉर्न वाजवतो. जुनी मारुती ८०० किंवा ओमनी ज्यांच्या दारात आहे, त्यांच्यातल्या बहुतेकांनी हे कधी ना कधी भोगलं आहे. गॅरेजच्या भाषेत याला ‘मिसिंग’ म्हणतात, कोणी ‘गाडी स्लो पकडत नाही’ म्हणतं.

नव्या गाड्या आल्या, समृद्धी महामार्ग आला, तरी सिंदखेड राजा, लोणार, मेहकर, देऊळगाव राजा या पट्ट्यात कारबोरेटरची जुनी गाडी ठेवणारे शेतकरी अजून आहेत. आजारी माणूस दवाखान्यात न्यायला, बाजाराला, लग्नाला, कधी मागच्या सीटवर बियाण्याच्या बॅगा टाकायला ती उपयोगी पडते. मारुती ८०० पहिल्यांदा डिसेंबर १९८३ मध्ये ग्राहकाच्या हाती पडली आणि २०१४ च्या सुरुवातीला तिचं उत्पादन थांबलं. त्यातल्या साधारण २००० सालापर्यंतच्या गाड्या कारबोरेटरच्या, नंतरच्या एमपीएफआय म्हणजे सेन्सर आणि इंजेक्टरच्या. हा लेख पहिल्या प्रकारच्या गाड्यांबद्दल आहे. बोनेट उघडल्यावर इंजिनवर काळा गोल किंवा चपटा एअर फिल्टरचा डबा आणि त्याच्या खाली पितळी जेट, स्क्रू, लिव्हर असलेलं भांडं दिसलं, तर तुमची गाडी कारबोरेटरची समजा. ओमनीचं इंजिन पुढच्या सीटखाली असतं, तिथं सीट उचलून बघावं लागतं.

याच परिसरातल्या एका शेतकऱ्याच्या जुन्या ८०० ची गोष्ट सांगण्यासारखी आहे. गाडी उभी राहिली की थरथरायची. पहिल्या गॅरेजमध्ये कारबोरेटर खोलून साफ केला, किट टाकलं. आठ दिवस बरी चालली, पुन्हा तेच. दुसऱ्या गॅरेजने सांगितलं, कारबोरेटर गेला, बदलावा लागेल. तोही बदलला. हजारांत पैसे गेले आणि थरथर तशीच. त्या काळात घरातला मुलगा दोन-तीनदा म्हणाला होता, ‘बाबा, ब्रेक लई कडक झाला.’ ती तक्रार वेगळी म्हणून सोडून दिली. दोष नेमका तिथंच होता. पण ते पुढे.

उभ्या गाडीलाच त्रास का होतो?

इंजिन स्लोला चालतं तेव्हा मिनिटाला साधारण ८०० ते १००० फेरे मारतं. ८०० आणि ओमनीचं इंजिन ७९६ सीसीचं, तीन सिलिंडरचं. ९०० फेरे धरले तर एका सिलिंडरमध्ये सेकंदाला साडेसात वेळा आणि तिन्ही मिळून साडेबावीस वेळा पेट्रोल पेटतं. एक सिलिंडर गप्प बसला की तिसरा हिस्सा ताकद गेली. चार सिलिंडरच्या गाडीत चौथा हिस्सा जातो, म्हणून अॅम्बेसेडर किंवा पद्मिनीपेक्षा ८०० चा झटका जास्त जाणवतो. तीन सिलिंडरचं इंजिन मुळातच थोडं हलतं, हेही लक्षात ठेवा. नव्या कोऱ्या ८०० चा गिअरचा दांडा पण थोडा हलायचाच.

दुसरं कारण महत्त्वाचं. रेस सोडली की कारबोरेटरमधली झडप जवळजवळ बंद होते. इंजिनला हवा अगदी थोडी मिळते आणि पेट्रोल फक्त एका बारीक वाटेने, स्लो जेटमधून येतं. त्या जेटचं भोक सुईच्या टोकासारखं. तिथं एक कण अडकला तरी फरक पडतो. झडप बंद असताना आतली ओढ, म्हणजे व्हॅक्यूम, जोरात असते. अशा वेळी एखाद्या पाइपला चीर असेल तर बाहेरची फुकटची हवा आत जाते आणि मिश्रण पातळ होतं. रस्त्यावर पळताना इंजिन एवढी हवा ओढतं की तेवढ्या चिरेचा पत्ताही लागत नाही. म्हणून ‘पळताना नीट, थांबली की थरथर’ असं असेल तर संशय आधी दोन जागी घ्यायचा : कुठून तरी हवा घेते, नाहीतर स्लो जेटची वाट बुजली आहे.

उलट, पळतानाही ओढत नसेल, चढावर दम टाकत असेल, तर प्लग, पॉइंट, पेट्रोल पंप किंवा कंप्रेशनकडे बघावं लागेल.

आधी नुसतं ऐका

गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला, चाकाला दगड. इंजिन पाच-दहा मिनिटं चालवून गरम करा. बंद शेडमध्ये किंवा गोठ्यात गाडी चालू ठेवू नका. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, माणूस बसल्या जागी बेशुद्ध पडतो. बोनेटजवळ जाताना गळ्यातला रुमाल, उपरणं, साडीचा पदर, ओढणी आवरा. रेडिएटरचा पंखा विजेवर चालतो, तो कधीही अचानक सुरू होतो.

आता सायलेन्सरच्या मागे उभं राहून आवाज ऐका. फट-फट-गॅप, फट-फट-गॅप असा एका तालात झटका येत असेल तर एकच सिलिंडर काम करत नाही. ताल नसेल, इंजिन आपोआप वर-खाली होत असेल, म्हणजे रेस चढते, उतरते, परत चढते, तर मिश्रणाचा दोष, आणि बहुतेक वेळा हवेचा. थंडीत सकाळी त्रास आणि गरम झाल्यावर बरी, तर चोक किंवा पातळ मिश्रण. सकाळी ठीक आणि गरम झाल्यावर बिघडते, तर जास्त पेट्रोल, टॅपेट किंवा कॉइल. हे शंभर टक्के नियम नाहीत, पण कुठून सुरुवात करायची ते कळतं.

इंजिन एकसारखं चालतंय, सायलेन्सरचा आवाजही एका तालात आहे, पण गाडीच हलते, असं असेल तर इंजिनचं फाउंडेशन बघा. रबर फाटलं किंवा दबलं की चांगल्या इंजिनचाही हादरा सगळ्या बॉडीत येतो. अशा गाडीचं कारबोरेटर खोलण्यात काही अर्थ नाही.

चोकची परीक्षा, सीटवर बसूनच

ज्या गाडीला डॅशबोर्डवर चोकची दांडी आहे, त्यांना ही तपासणी फुकटात होते. इंजिन पूर्ण गरम असताना आणि थरथरत असताना चोक हळूच थोडासा, अर्धा-पाऊण इंच ओढा.

इंजिन सुधारलं, थरथर कमी झाली, तर मिश्रणात पेट्रोल कमी आणि हवा जास्त आहे. म्हणजे हवा गळती, बुजलेला स्लो जेट, किंवा फ्लोटमध्ये पेट्रोल कमी.

इंजिन आणखी बिघडलं, काळा धूर आला, बंदच पडलं, तर आधीच पेट्रोल जास्त जातंय. म्हणजे एअर फिल्टर चोंदलेला, चोकची पट्टी अडकलेली, किंवा फ्लोटची निडल गळते.

काहीच फरक पडला नाही, तालात झटका तसाच, तर कारबोरेटर सोडा आणि प्लगकडे जा.

ओमनीला किंवा ८०० ला एलपीजी किट असेल तर आणखी एक परीक्षा आहे. गाडी गॅसवर स्लोला नीट चालते आणि पेट्रोलवरच थरथरते, तर दोष कारबोरेटरच्या पेट्रोलच्या वाटेत. दोन्हीवर थरथरते, तर प्लग, करंट, हवा गळती किंवा टॅपेट. कित्येक जण वर्षानुवर्षे गॅसवरच गाडी चालवतात आणि पेट्रोल कारबोरेटरमध्ये सुकून डिंकासारखं बसतं. मग एक दिवस गॅस संपतो आणि गाडी पेट्रोलवर थांबायचं नाव घेत नाही. आठवड्यातून एखाद्या दिवशी थोडं अंतर पेट्रोलवर चालवलं तर ही वेळ येत नाही.

प्लग आणि करंट

कोणता सिलिंडर गप्प आहे ते शोधायचं. इंजिन बंद करा, पहिल्या प्लगची टोपी काढा, तिच्यात एक जादा प्लग खोचून तो इंजिनच्या लोखंडाला टेकेल असा ठेवा, मग स्टार्ट करून ऐका. आधीपेक्षा वाईट चालली तर तो सिलिंडर चांगला होता. काहीच फरक पडला नाही तर गप्प सिलिंडर हाच. बंद करून टोपी लावा आणि पुढचा बघा. काही मिस्त्री चालू इंजिनवर हाताने टोपी ओढतात. ते बघून तसं करू नका, हजारो व्होल्टचा झटका बसतो. आजूबाजूला पेट्रोल सांडलेलं नाही याचीही खात्री करा.

गप्प सिलिंडर सापडला की त्याचा प्लग शेजारच्या सिलिंडरला लावा आणि शेजारचा इकडे. दोष प्लगसोबत तिकडे गेला तर प्लग खराब. तिथंच राहिला तर वायरची अदलाबदल करा. तरीही तिथंच, तर मग सिलिंडरच्या आतलं बघावं लागेल. नवीन वस्तू विकत न घेता एवढं कळतं.

काढलेल्या प्लगचा रंग बघायला विसरू नका. बिस्किटासारखा तपकिरी म्हणजे ठीक. कोरडी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त. पांढरा फटक म्हणजे हवा जास्त. तेलकट काळा म्हणजे इंजिन ऑइल वर येतंय, रिंगा किंवा व्हॉल्व्हचे सील गेले. तिन्ही प्लग एकाच रंगाचे असतील तर दोष कारबोरेटरकडे. एकच वेगळा असेल तर त्या एकाच सिलिंडरचा दोष. या गाड्यांना प्लगचा गॅप ०.७ ते ०.८ मिलिमीटर ठेवतात. जुने मिस्त्री आरीचं पातं घालून अंदाज घेतात, चालून जातं, पण फिलर गेज महाग नसते.

रात्री अंधारात बोनेट उघडून चालू इंजिन बघितलं तर फाटक्या प्लग वायरवर निळ्या ठिणग्या धावताना दिसतात. पावसाळ्यात हा दोष हमखास असतो. डेलकोच्या टोपीला आतून बारीक काळी रेघ पडली असेल तर करंट तिथून पळतो, टोपी बदलणं हाच उपाय. पॉइंटवाल्या जुन्या गाडीत पॉइंटवर एका बाजूला खड्डा आणि दुसऱ्या बाजूला उंचवटा आला असेल तर पॉइंटसोबत कंडेन्सरही बदला. नुसता पॉइंट घासून महिनाभर निघतो, जास्त नाही.

हवा कुठून घेते? आणि ब्रेकचा संबंध

आता त्या शेतकऱ्याच्या गाडीकडे. चोक ओढला की ती सुधारायची. तिन्ही प्लग पांढरट होते. म्हणजे हवा जास्त, हे स्पष्ट होतं. पण दोन्ही वेळा कारबोरेटरच खोलला गेला.

हवा गळती शोधायला महागडं मशीन लागत नाही. इंजिन स्लोला चालू ठेवून कान द्या, ‘स्स्स’ असा आवाज येतो का. बागेत फवारायची लहान बाटली साध्या पाण्याने भरा आणि कारबोरेटरच्या बुडाशी, जिथं तो मॅनिफोल्डवर बसतो, तिथं बारीक फवारा मारा. मग मॅनिफोल्ड आणि हेडच्या जोडावर मारा. पाणी पडताच इंजिनचा आवाज बदलला तर तिथलं पॅकिंग हवा घेतंय. डेलको आणि प्लगवर पाणी जाऊ देऊ नका. काही ठिकाणी यासाठी पेट्रोल शिंपडतात. आवाजातला फरक लवकर कळतो, हे खरं, पण चालू आणि गरम इंजिनवर पेट्रोल शिंपडणं म्हणजे आगीला बोलावणं आहे. पाण्याने काम होतं.

मग पाइप. कारबोरेटर आणि मॅनिफोल्डमधून तीन-चार बारीक रबरी पाइप निघतात : एक डेलकोच्या व्हॅक्यूम डब्याला, एक इंजिनची वाफ परत घेणारा, आणि ज्या गाडीला ब्रेक बूस्टर आहे तिथं एक जाड पाइप बूस्टरला. एकेक पाइप पकडीने कापड गुंडाळून दाबा. जो दाबल्यावर इंजिन शांत होईल, दोष त्याच पाइपमध्ये किंवा तो जिथं जातो तिथं. डेलकोच्या डब्याचा पाइप डब्याच्या विरुद्ध टोकाकडून काढून, पुसून तोंडाने ओढा आणि जिभेने बंद करा. जीभ चिकटून राहिली तर आतला पडदा ठीक. लगेच सुटली तर पडदा फाटला.

त्या ८०० चा जाड पाइप दाबला आणि इंजिन एकदम घड्याळासारखं चाललं. बूस्टरच्या पाइपला क्लिपजवळ खालच्या बाजूने चीर होती. वरून बघितलं तर पाइप चांगला दिसायचा. म्हणूनच ब्रेक कडक झाला होता. बूस्टर इंजिनच्या व्हॅक्यूमवर चालतो. ती ओढ चिरेतून गेली की पायाने सगळा जोर लावावा लागतो आणि गाडी उशिरा थांबते. म्हणजे घरचे महिनोन्महिने कमी ब्रेकवर गाडी चालवत होते आणि सगळ्यांचं लक्ष फक्त थरथरीवर.

सगळ्या ८०० ला बूस्टर नसतो, तुमच्या गाडीला आहे का ते आधी बघा. असेल तर ही तपासणी आजच करा : इंजिन बंद असताना ब्रेकचं पेडल पाच-सहा वेळा दाबा, ते कडक होईल. मग पाय दाबून ठेवा आणि स्टार्ट करा. पेडल थोडं खाली गेलं तर बूस्टर ठीक. जागचं हललं नाही तर व्हॅक्यूम पोहोचत नाही. ब्रेक दाबला की इंजिन थरथरतं किंवा बंद पडतं, आणि सोडला की सुधारतं, असं असेल तर बूस्टरचा आतला पडदा फाटलेला असू शकतो. अशी गाडी दुरुस्त होईपर्यंत हायवेवर काढू नये. १२ जानेवारीला जिजाऊ जन्मोत्सवाला सिंदखेड राजाच्या रस्त्यावर जी गर्दी असते, तिथं तर नकोच.

कारबोरेटर : स्क्रू फिरवण्याआधी

इथवर काही सापडलं नाही तर मग कारबोरेटर. त्याला दोन स्क्रू असतात. एक रेसचा, जो झडप किंचित उघडी धरतो. दुसरा मिश्रणाचा, ज्याला बरेच जण हवा स्क्रू म्हणतात. थरथर आली की बहुतेक जण रेसचा स्क्रू आवळतात. इंजिन बंद पडायचं थांबतं, पण दोष जात नाही. झडप जास्त उघडली की पेट्रोल दुसऱ्या वाटेने यायला लागतं, स्लो जेट बुजलेलाच राहतो आणि पेट्रोल जास्त खातो. स्टँडवर उभी गाडी घूं-घूं करत असेल तर समजावं, कोणीतरी असंच करून ठेवलंय.

मिश्रणाचा स्क्रू स्वतःच निदान सांगतो. गरम इंजिनवर तो अर्धा-अर्धा फेरा आत-बाहेर फिरवा. आत नेल्यावर इंजिन बंद पडायला आलं आणि बाहेर काढल्यावर सुधारलं तर वाट मोकळी आहे. कितीही फिरवा, काहीच फरक नाही, तर स्लो जेट किंवा त्याची नळी बुजली आहे, किंवा गाडी दुसरीकडून हवा घेते. स्क्रू आत नेताना टेकला की थांबा. जोराने आवळला तर त्याच्या सुईसारख्या टोकाला खाच पडते आणि तो कारबोरेटर पुन्हा कधी सेट होत नाही. आधी किती फेऱ्यांवर होता ते कागदावर लिहून ठेवा. जिथं इंजिन सगळ्यात जोरात आणि शांत चालतं तिथं मिश्रणाचा स्क्रू ठेवायचा, मग रेसच्या स्क्रूने वेग खाली आणायचा, पुन्हा मिश्रण बघायचं. दोन-तीनदा असं केलं की जमतं.

बऱ्याच कारबोरेटरवर स्लोच्या वाटेसाठी एक छोटी विजेची कळ, म्हणजे सोलेनॉइड असतो. चावी फिरवली की त्यातून ‘टक’ आवाज यायला पाहिजे. आवाज नाही तर आधी त्याची वायर बघा. सैल वायरपायी कारबोरेटर खोलले गेल्याची उदाहरणं कमी नाहीत.

ज्या कारबोरेटरच्या फ्लोटला बाहेरून गोल काच आहे, तिथं पेट्रोलची पातळी काचेच्या मध्याजवळ दिसावी. काच वरपर्यंत भरली असेल तर निडल गळते. जेट साफ करायला लोखंडी तार किंवा सुई घालू नका. पितळ मऊ असतं, भोक मोठं झालं की जेट कायमचा बिघडला. कारबोरेटर क्लीनर आणि कॉम्प्रेसरची हवा पुरे.

एअर फिल्टर तर पहिल्याच दिवशी काढून बघायचा. सोयाबीन काढणीच्या दिवसांत मळणीयंत्राजवळ आठ दिवस गाडी उभी राहिली तर फिल्टर चोंदायला तेवढं पुरतं.

पेट्रोलच बदललं आहे

गेल्या काही वर्षांत जुन्या गाड्यांच्या तक्रारीत आणखी एक कारण आलं. २०१४ च्या आसपास पेट्रोलमध्ये इथेनॉल दीड टक्क्याच्या घरात होतं. २०२२ मध्ये १० टक्क्यांवर गेलं आणि २०२५ मध्ये २० टक्क्यांचा टप्पा गाठला. इथेनॉल उसापासून होतं तसं मक्यापासूनही होतं, म्हणजे आपल्याकडच्या शेतकऱ्याचा यात फायदाही आहे. पण कारबोरेटरला ते कळत नाही.

एक किलो शुद्ध पेट्रोल नीट जाळायला साधारण १४.७ किलो हवा लागते. एक किलो इथेनॉलला फक्त ९ किलो. २० टक्के मिसळलेल्या पेट्रोलला साडेतेरा किलोच्या आसपास. नव्या गाडीचा सेन्सर हे ओळखतो आणि पेट्रोल वाढवतो. पंचवीस वर्षांपूर्वीचा जेट तेवढंच पेट्रोल सोडतो, म्हणून मिश्रण आपोआप पातळ पडतं. स्लोला थोडी थरथर आणि सकाळी स्टार्टला त्रास, यामागे तेही असू शकतं. मिश्रणाचा स्क्रू थोडा बाहेर घेऊन बऱ्याचदा भागतं. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा ऊर्जा सुमारे एक तृतीयांश कमी असते, त्यामुळे अॅव्हरेज थोडं घटणारच. त्याचा दोष मिस्त्रीला देऊ नये.

दुसरा त्रास रबराचा. जुने पेट्रोल पाइप, एसी पंपाचा पडदा, कारबोरेटरमधली रबरं इथेनॉलने फुगतात किंवा कडक होऊन तडकतात. टाकीत वर्षानुवर्षे चिकटलेला मळ सुटतो आणि फिल्टरमध्ये, पुढे जेटमध्ये येतो. तिसरा पाण्याचा. इथेनॉल हवेतला ओलावा ओढतं आणि पाणी जास्त झालं की ते पाण्यासकट पेट्रोलपासून वेगळं होऊन तळाला बसतं. महिना-दोन महिने गाडी उभी ठेवायची असेल तर पावसाळ्यात विशेष काळजी घ्या. पेट्रोल फिल्टर स्वस्त असतो, वर्षातून एकदा बदला. रबरी पाइप बदलताना इथेनॉल चालणारा मागा. पाइपला ओल किंवा पेट्रोलचा वास आला तर गाडी चालूच करू नका. ओमनीत हा पाइप सीटखाली, गरम इंजिनजवळ असतो.

उन्हाळ्याचं वेगळं. एप्रिल-मेमध्ये दुपारी गाडी पळवून आणली, दहा-पंधरा मिनिटं थांबवली आणि पुन्हा चालू केली की थोडा वेळ थरथरते, पेट्रोलचा वास येतो, आणि दोन किलोमीटरवर नीट होते. इंजिनच्या उष्णतेने कारबोरेटरमधलं पेट्रोल उकळून आत सांडलेलं असतं. हा बिघाड नाही. सावलीत उभी करा, बोनेट थोडा वेळ उघडं ठेवा, आणि स्टार्ट करताना चोक न ओढता रेस थोडी दाबून धरा.

टॅपेट आणि कंप्रेशन

प्लग, वायर, हवा, कारबोरेटर सगळं ठीक आणि एक सिलिंडर तरीही गप्प, तर आतलं काम आहे. टॅपेटचा टकटक आवाज आला की लोक घाबरतात. खरं तर आवाज करणारं टॅपेट परवडलं, गप्प झालेलं नाही. गॅप संपला की व्हॉल्व्ह पूर्ण बंद होत नाही, स्लोला कंप्रेशन निसटतं आणि शेवटी व्हॉल्व्ह जळतो. गॅसवर चालणाऱ्या गाडीत व्हॉल्व्हची बैठक लवकर झिजते, म्हणून तिथं टॅपेट जास्त वेळा तपासावं लागतं.

कंप्रेशन गेज लावून तिन्ही सिलिंडर मोजायला सांगा. एकमेकांतला फरक १ किलोच्या आसपास असेल तर चालेल. एक फारच कमी असेल तर प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल टाकून पुन्हा मोजायचं. वाढलं तर रिंगा, नाही वाढलं तर व्हॉल्व्ह. शेजारचे दोन्ही कमी असतील तर हेडचं पॅकिंग. ही तपासणी होईपर्यंत इंजिन खोलायला हो म्हणू नका. आणि खोलायचंच असेल तर गेजवरचा आकडा स्वतः बघा, मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवा.

गाडी गॅरेजला नेताना नुसतं ‘मिसिंग मारते’ म्हणू नका. थंड असताना की गरम असताना, चोक ओढल्यावर काय होतं, ब्रेक दाबल्यावर काय होतं, प्लगचा रंग कसा, एवढं सांगा. चांगल्या मिस्त्रीचं अर्धं काम तिथंच होतं. जुने भाग गाडीत टाकून द्यायला सांगा.

मिश्रण सेट झालं की पीयूसी काढून घ्यावं. भारत स्टेज २ च्या आधीच्या पेट्रोल कारला स्लोवर कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ३ टक्के आहे. मशीनचा आकडा ३ च्या वर गेला तर पेट्रोल जास्त जातंय, अगदी थोडा आला आणि गाडी थरथरत असेल तर हवा जास्त. पीयूसीवाल्याकडून त्या कागदावरचा आकडा वाचून घ्या, मिस्त्रीला दाखवा.

त्या शेतकऱ्याच्या गाडीला हातभर लांबीचा नवा पाइप आणि दोन क्लिपा लागल्या. काम वीस मिनिटांचं. बदललेला जुना कारबोरेटर चांगलाच होता, तो आता घरी पोत्यात गुंडाळून ठेवला आहे.